सोंग उतरवण्याची कला

३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये शेवटचे गाणे सुरू करण्यापूर्वी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी माइकजवळ आला आणि त्याने शांतपणे सांगितले की ही या दौऱ्याची शेवटची मैफल तर आहेच, पण आमचीही शेवटची मैफल आहे, यापुढे आम्ही कधीच गाणार नाही. सभागृहात एकच आकांत उठला. त्याच्या मागे उभे असलेले बेसवादक ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवादक वूडी वूडमन्सी यांनाही ही बातमी प्रेक्षकांबरोबरच कळली. डी. ए. पेनेबेकर यांनी त्या रात्रीचे चित्रीकरण केलेले असल्यामुळे तो क्षण आजही पाहता येतो. मी तो अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी माझे लक्ष बोवीवरून सरकून पुढच्या रांगांमधल्या मुलामुलींकडे जाते. तेच लाल केस, कपाळावर तोच सोनेरी ठिपका, आणि गालांवरून ओघळणारा रंग. आपल्या दैवतासारखे दिसण्यासाठी या मुलांनी घरात किती बोलणी खाल्ली असतील याची कल्पना करावी. आणि ज्या रात्री ती सगळी तयारी करून आली, त्याच रात्री दैवताने सांगितले की मी निघालो.

प्रत्यक्षात बोवी कुठेच निघालेला नव्हता. त्याच महिन्यात तो फ्रान्समध्ये पुढच्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाला लागला. त्या रात्री निवृत्त झाला तो झिगी स्टारडस्ट, म्हणजे परग्रहावरून आल्यासारखा वाटणारा तो रॉक गायक, ज्याचे सोंग बोवीने दीड वर्ष वागवले होते आणि ज्याने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले होते. बोवीविषयी बोलताना त्याचे चाहते, आणि त्यांच्यात मीही आले, ‘तो सतत बदलत राहिला’ हे वाक्य इतक्या सहजपणे वापरतात की त्यातला अर्थ झिजून गेला आहे. कपडे, केस आणि वाद्यमेळ बदलणारे कलावंत पुष्कळ असतात. लोकांना सोंग आवडू लागले, टाळ्या वाढल्या, तिकिटे संपू लागली, की नेमके तेव्हाच ते उतरवून ठेवणारे फार थोडे. बोवीचे वेगळेपण सोंग आणण्यापेक्षा सोंग उतरवण्यात होते, असे मला त्याला ऐकता ऐकता वाटू लागले आहे.

माझी आणि त्याची ओळख एका गैरसमजातून झाली. महाविद्यालयात असताना एका मैत्रिणीने मला एक कॅसेट भरून दिली होती. तिच्या एका बाजूला ‘लो’ हा १९७७ चा अल्बम होता आणि दुसऱ्या बाजूला १९८३ चा ‘लेट्स डान्स’. पाकिटावर तिने काहीच लिहिले नव्हते. एका बाजूला तुटक, थंड, अर्ध्यावर सोडून दिल्यासारखी गाणी आणि मग जवळजवळ शब्दांविना चालणारे सुरांचे धुके. दुसऱ्या बाजूला पायाला स्वस्थ बसू न देणारा नाच. कितीतरी दिवस मी या दोन वेगवेगळ्या गायकांच्या बाजू आहेत असेच समजत होते. खरे कळले तेव्हा आश्चर्य वाटले, पण त्याहून जास्त कुतूहल वाटले की या दोहोंच्या मधल्या सहा वर्षांत या माणसाने केले तरी काय. (यापुढे मी त्याचा उल्लेख एकेरीतच करणार आहे. ज्याच्याबरोबर इतक्या रात्री जागून काढल्या, त्याला ‘बोवी साहेब’ म्हणणे जिवावर येते.)

त्याच्या करिष्म्याविषयी लिहिताना लोक तो जन्मजात होता असे गृहीत धरतात. त्याच्या आयुष्याची पहिली काही वर्षे पाहिली तर हे खरे वाटत नाही. ८ जानेवारी १९४७ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये जन्मलेल्या डेव्हिड रॉबर्ट जोन्सने साठच्या दशकात एकामागून एक वाद्यवृंद बदलले, एकामागून एक एकेरी तबकड्या काढल्या, आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ‘मंकीज’ या वाद्यवृंदातल्या डेव्ही जोन्सशी गोंधळ होऊ नये म्हणून त्याने नाव बदलले. १९६७ मध्ये निघालेला त्याचा पहिला अल्बमही पडला. त्यानंतर तो लिंडसे केम्प या नर्तक-मूकाभिनेत्याकडे शिकू लागला, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्या शिकवणीत आहे. मूकाभिनयात हात उगाच हलत नाही, कारण तिथे हात हाच शब्द असतो. कुठे थांबायचे, मान किती वळवायची, नजर कुठे ठेवायची, हे ज्याने शब्दांचा आधार न घेता शिकून घेतले, तो माणूस नंतर आवाज आणि शब्द घेऊन रंगमंचावर आला तेव्हा त्याच्या हाती इतर गायकांपेक्षा एक हत्यार जास्त होते. १९६९ च्या जुलैमध्ये, माणूस चंद्रावर उतरण्याच्या काही दिवस आधी, ‘स्पेस ऑडिटी’ प्रसिद्ध झाले आणि त्याला पहिले मोठे यश मिळाले. तरी खरी ओळख पटायला आणखी तीन वर्षे जावी लागली.

ती ओळख ६ जुलै १९७२ च्या संध्याकाळी पटली. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात बोवीने ‘स्टारमॅन’ हे गाणे म्हटले. रंगीबेरंगी चौकटींचा घट्ट पोशाख, भडक लाल केस, निळी गिटार. त्या तीन-साडेतीन मिनिटांत त्याने दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर अगदी सहज, जणू घरातल्या माणसाच्या खांद्यावर टाकावा तसा हात टाकला. दोन पुरुषांमधली ही जवळीक त्या काळच्या ब्रिटिश बैठकीच्या खोलीत पुरेशी खळबळजनक होती. दुसरी गोष्ट म्हणजे गाण्यात ‘तू’ असा शब्द आला तेव्हा त्याने बोट रोखले ते थेट कॅमेऱ्याकडे, आणि मग ते बोट किंचित फिरवले. ‘स्पॅन्डाउ बॅले’ या वाद्यवृंदाचा गॅरी केम्प आणि ‘एको अँड द बनीमेन’ या वाद्यवृंदाचा इयन मॅककलक यांनी ही संध्याकाळ आपल्या आयुष्यातली कलाटणी असल्याचे पुढे सांगितले आहे, आणि तसे सांगणारे ते दोघेच नाहीत. मला त्या बोटाचे नवल वाटते. समोर लाखो माणसे आहेत हे माहीत असताना एकट्याशी बोलल्यासारखे बोलणे, आणि ते इतके नेमके साधणे की प्रत्येक घरातल्या एका तरी मुलाला ‘हा माझ्याशीच बोलला’ असे वाटावे, हे नशिबाने जमत नाही. लिंडसे केम्पच्या तालमीतले हे बोट होते.

झिगीच्या रंगमंचीय रूपात पुढे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराची भर पडली. कान्साई यामामोतो यांनी तयार केलेले पोशाख असे होते की दोन साहाय्यकांनी दोन बाजूंनी ओढताच वरचा वेश निघून यावा आणि आतून दुसरा प्रकट व्हावा. काबुकीत अशा झटपट वेशबदलाची जुनी परंपरा आहे. रॉक संगीताच्या मैफलीत मात्र तोवर गायक घामाने भिजलेल्या शर्टात ‘अस्सल’ दिसण्याची धडपड करत असे. बोवीने उलट टोक गाठले. मी सोंग घेतलेला माणूस आहे, हे सोंग मी तुमच्या डोळ्यांदेखत बदलणार आहे, आणि तरीही तुमच्या डोळ्यांत पाणी येणार आहे, असा तो करार होता. बहुरूप्याला आपण ओळखतो, त्याने रंगवलेला चेहराही ओळखतो, आणि तरी तो दारात उभा राहिला की क्षणभर मन फसतेच. अशा फसण्यातला आनंद ज्यांना कळला ते बोवीचे झाले, आणि ज्यांना रॉक म्हणजे फक्त खरेपणा वाटत होता ते त्याला नकली म्हणत राहिले.

झिगीला निरोप दिल्यानंतर बोवीने चाहत्यांची जी परीक्षा घेतली, ती मला हॅमरस्मिथच्या रात्रीपेक्षाही अवघड वाटते. १९७४ चा त्याचा अमेरिकेचा दौरा प्रचंड नेपथ्यासह सुरू झाला. एका उद्ध्वस्त शहराचे दृश्य उभारलेले होते आणि एका यांत्रिक हाताच्या टोकाला बसून तो प्रेक्षकांच्या डोक्यावरून तरंगत गात असे. दौरा अर्ध्यावर आला असताना त्याला फिलाडेल्फियाच्या सोल संगीताने झपाटले. ऑगस्टमध्ये त्याने तिथल्या सिग्मा साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू केले, आणि दौऱ्याचा पुढचा भाग सुरू झाल्यावर लवकरच ते महागडे नेपथ्य काढून टाकले. जुन्या बोवीसारखी चेहऱ्यावर वीज रंगवून आलेल्या प्रेक्षकांसमोर आता सुटातला एक सडपातळ माणूस कृष्णवर्णीय गायक-गायिकांच्या साथीने गात होता. त्या साथीदारांत तेव्हा कोणालाच माहीत नसलेला ल्यूथर वँड्रॉसही होता.

त्या स्टुडिओबाहेर काही मुले दिवसरात्र थांबलेली असत. पुढे त्यांना ‘सिग्मा किड्स’ हे नाव पडले. बोवी येता-जाता त्यांच्याशी बोलत असे, आणि ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस त्याने त्यांना आत बोलावून अजून पूर्ण न झालेला अल्बम ऐकवला. कल्पना करा, ही झिगीची मुले होती. आपल्या माणसाकडून त्यांना कर्कश गिटार ऐकायची सवय होती, आणि समोर सॅक्सोफोन, टाळ्या आणि गॉस्पेलसारखे समूहगान वाजत होते. बोवी खोलीच्या मागच्या बाजूला अस्वस्थपणे बसून राहिला होता, असे सांगतात. गाणी संपली, आणि मुलांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि मग सगळे नाचले. चाहत्याने कलावंताला काय द्यावे याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ‘यंग अमेरिकन्स’ हा तो अल्बम. त्यातले ‘फेम’ हे गाणे, जे त्याने कार्लोस अलोमार आणि जॉन लेनन यांच्यासह रचले, १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

१९७६ चा बोवी पाहिला की करिष्मा या शब्दाचा दुसरा अर्थ लागतो. पांढरा शर्ट, काळे जाकीट, काळी विजार, खिशात सिगारेटचे पाकीट. रंगीत दिवे नाहीत, नेपथ्य नाही, फक्त पांढऱ्या ट्यूबलाइटचा निर्दय प्रकाश. बोवी येण्याआधी पडद्यावर बुन्युएल आणि दाली यांचा जुना अतिवास्तववादी मूकपट दाखवला जात असे. झिगीने सगळे काही अंगावर चढवून जे साधले होते, ते ‘थिन व्हाइट ड्यूक’ नावाच्या या नव्या सोंगाने सगळे काढून टाकून साधले. पण हे सोंग त्याच्या अंगाशीही आले. कोकेनच्या आहारी गेलेल्या त्या काळात त्याने फॅसिझमविषयी केलेली विधाने अक्षम्य होती, आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, तिच्या कारणांमध्ये त्या विधानांचाही वाटा होता. त्याने नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला. १९८३ मध्ये एमटीव्हीच्या मुलाखतीत उलट त्यानेच, तुम्ही कृष्णवर्णीय कलावंतांना इतके कमी का दाखवता, असा प्रश्न विचारून निवेदकाची पंचाईत केली. तरीही चाहत्यांनी ते वर्ष गाळून त्याची गोष्ट सांगू नये. सोंगाने माणसाला गिळण्याचा धोका किती खरा असतो, हे तिथे दिसते.

त्या धोक्यातून बाहेर पडण्यासाठी तो बर्लिनला गेला आणि शोनेबर्ग भागातल्या एका साध्या घरात राहू लागला. इथे त्याने घेतलेले सोंग म्हणजे सामान्य माणसाचे, आणि त्याच्या सगळ्या रूपांमध्ये मला तेच सर्वांत प्रिय आहे. बर्लिनच्या भिंतीच्या अगदी जवळ असलेल्या हान्सा स्टुडिओत ‘हीरोज’ हे गाणे ध्वनिमुद्रित करताना निर्माते टोनी विस्कॉन्टी यांनी तीन माइक लावले होते. एक तोंडाशी, दुसरा सुमारे २० फुटांवर आणि तिसरा सुमारे ५० फुटांवर. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय लांबचे माइक उघडतच नसत. त्यामुळे बोवी सुरुवातीला कुजबुजल्यासारखा गातो तेव्हा आपण त्याच्या श्वासाजवळ असतो, आणि शेवटी तो ओरडू लागतो तेव्हा सगळे दालन त्याच्याबरोबर गुंजू लागते. प्रेक्षक नाहीत, दिवे नाहीत, रंगभूषा नाही. तरी ते गाणे ऐकताना एक माणूस दूरवरून आपल्याकडे धावत येताना दिसतो. रंगमंचावरची हुकमत नुसत्या आवाजात उतरवण्याचा असा दुसरा नमुना मी ऐकलेला नाही.

दहा वर्षांनी, ६ जून १९८७ रोजी, तो पश्चिम बर्लिनमध्ये राइशस्टागसमोर गायला. भिंतीपलीकडे पूर्व बर्लिनची तरुण मुले फक्त आवाज ऐकण्यासाठी जमली होती. पलीकडून त्यांचा गजर ऐकू येत होता आणि तो अनुभव विलक्षण होता, असे त्याने नंतर सांगितले. जे चाहते त्याला पाहू शकत नव्हते त्यांच्यासाठीही तो गात होता. त्याच्या रूपाची इतकी चर्चा होते म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

बोवी स्वतः सगळे सोडून नवे शोधत होता असे म्हणताना त्याच्याभोवतीची माणसे विसरून चालणार नाही. नवे सोंग आणायचे तर नवा सोबती हवा, हे त्याला पक्के कळले होते, आणि सोबत्याला त्याच्या सवयीच्या बाहेर ढकलण्यात तो वाकबगार होता. ‘अलॅडिन सेन’ या अल्बमच्या शीर्षकगीतात पियानोवादक माइक गार्सनने आधी ब्लूजच्या ढंगाने वाजवून पाहिले, मग लॅटिन ढंगाने, बोवीने दोन्ही नाकारले आणि त्याला साठच्या दशकातल्या प्रयोगशील जॅझसारखे काही वाजवायला सांगितले. गार्सनने एका दमात जे वाजवले ते आजही अंगावर काटा आणते. १९७९ च्या ‘लॉजर’ या अल्बमच्या वेळी एका गाण्यासाठी वादकांची वाद्येच बदलली गेली, गिटारवादक अलोमार ड्रमवर बसला आणि ड्रमवादक डेनिस डेव्हिसने बेस हाती घेतली. सराईत हातांतून सराईत सूर येऊ नयेत यासाठीचा हा उपद्व्याप होता, आणि त्या गाण्यातला अवघडलेला उत्साह त्यातूनच आला आहे.

‘लेट्स डान्स’नंतरच्या काही वर्षांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. स्टेडियम भरत होती, आणि त्या गर्दीला काय आवडेल याचा अंदाज घेत बोवी प्रथमच लोकांच्या मागे चालू लागला. १९८७ च्या दौऱ्यात रंगमंचावर महाकाय कोळी उभारला होता. त्या कोळ्याखाली तो मला हरवल्यासारखा दिसतो. या सापळ्यातून सुटण्यासाठी त्याने ‘टिन मशीन’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि त्यात चौघांपैकी एक म्हणून उभा राहिला. पुष्कळ चाहत्यांनी तेव्हा नाके मुरडली. मला ती गाणी विशेष आवडत नाहीत, पण पाऊल आवडते. १९९० मध्ये त्याने जाहीर केले की जुनी लोकप्रिय गाणी या दौऱ्यात शेवटची गाईन, आणि कोणती गाऊ ते तुम्ही फोन करून सांगा. एका ब्रिटिश साप्ताहिकाने लगेच वाचकांना त्याच्या १९६७ च्या एका अत्यंत बालिश विनोदी गाण्यासाठी मते देण्याचे आवाहन केले. त्याने ते गायले नाही, हे त्याचे आपल्यावरचे उपकार. जुनी गाणी न गाण्याचा शब्दही त्याने पुढे मोडला, आणि २००० मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ती सगळी मनमोकळेपणाने गायली. असा शब्द मोडल्याबद्दल कुठल्याही चाहत्याने तक्रार केल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. बोवीने १९९७ मध्ये तेही जवळपास आणले. आपल्या जुन्या अल्बमच्या भावी उत्पन्नावर त्याने साडेपाच कोटी डॉलरचे रोखे काढले. त्याच वर्षी तो पन्नाशीला पोचला होता, आणि फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनबरोबर केलेला ब्रिटिश झेंड्याचा कोट घालून विशीतल्या पोरांच्या ड्रम अँड बेस तालावर गात होता.

२५ जून २००४ रोजी जर्मनीतल्या शेसेल इथल्या महोत्सवात गाताना त्याच्या छातीत कळ आली. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. पूर्ण लांबीची ती त्याची शेवटची मैफल ठरली. त्यानंतर तो इतका गप्प झाला की चाहत्यांनी मनातल्या मनात त्याला निरोप देऊन टाकला होता. २०१३ च्या ८ जानेवारीला, त्याच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, कसलीही पूर्वसूचना न देता एक नवे गाणे आले, आणि पाठोपाठ अल्बम. त्याचे मुखपृष्ठ म्हणजे ‘हीरोज’चेच जुने मुखपृष्ठ, फक्त चेहऱ्यावर एक पांढरा चौकोन चिकटवलेला. इतकी वर्षे चेहरे बदलणाऱ्या माणसाने या वेळी चेहराच झाकून टाकला होता.

‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, ८ जानेवारी २०१६ रोजी निघाला. पुन्हा नवे सोबती, या वेळी डॉनी मॅककॅस्लिनच्या गटातले न्यूयॉर्कचे जॅझवादक. अल्बम आल्यावर दोन दिवसांनी तो यकृताच्या कर्करोगाने गेला. आजाराची बातमी अगदी जवळच्या मोजक्या लोकांनाच होती. अल्बमच्या आदल्याच दिवशी आलेल्या, त्यातल्याच ‘लाझारस’ या गाण्याच्या चित्रफितीत तो डोळ्यांवर पट्टी बांधून अंथरुणावर पडलेला दिसतो, पट्टीवर डोळ्यांच्या जागी दोन बटणे, आणि दुसऱ्या दृश्यात तिरप्या पट्ट्यांचा काळा पोशाख घालून, जो सत्तरच्या दशकातल्या त्याच्या एका छायाचित्राची आठवण देतो, टेबलाशी घाईघाईने काहीतरी लिहीत असतो. शेवटी तो पाठमोऱ्या पावलांनी कपड्यांच्या लाकडी कपाटात शिरतो आणि आतून दार ओढून घेतो. मूकाभिनयाचा तो धडा अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही त्याच्या हातापायांत जसाच्या तसा होता.

मे महिन्यात कोणाच्या तरी लक्षात आले की ‘ब्लॅकस्टार’च्या मोठ्या तबकडीचे वेष्टन उघडून उजेडात धरले, तर काळ्या कागदावर ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसते. चार महिने ते वेष्टन चाहत्यांच्या घरांत पडून होते आणि कोणालाच पत्ता नव्हता. मी माझी तबकडी घेऊन दुपारी खिडकीत गेले. आधी काहीच दिसेना, मग थोडे तिरके धरले.